नऊ फुटांवरची कडी

दामोदर हर्डीकरांना त्यांच्याच घरच्यांनी स्विमिंग पूलच्या कुंपणात घातलं आणि बाहेरून कडी लावली.

असं काहीही झालेलं नाही. हर्डीकरांच्या घरी कुणालाही विचारा. सूनबाई ऋचा सांगेल, "बाबा पूलसाइडला असतात." मुलगा जितेंद्र म्हणेल, "त्यांना तिथं मोकळं वाटतं." बायको नयनाताई म्हणतील, "जेवायला अगदी वेळेवर देतो हो आम्ही." तेव्हा आपणही ते झालेलंच नाही असं धरून चालू आणि पहिल्यापासून बघू.

दामोदर हर्डीकर बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यातून क्वालिटी विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. कारखान्यात काय बनतं हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही, कारण ते गोपनीय होतं. नयनाताईंनी कधी विचारलं नाही, कारण त्यांना त्यात रस नव्हता. संसार सुखाचा झाला. निवृत्तीनंतर त्यांनी शहराबाहेर, आनेकलच्या पुढं एका व्हिला लेआउटमध्ये घर घेतलं आणि मागच्या अंगणात पूल बांधला. शेजाऱ्यांनी आपापले पूल फोटोसाठी बांधले होते. हर्डीकरांनी अर्णवसाठी बांधला.

अर्णव हा नातू. वय वर्षं चार, मुक्काम शहरातलं जयनगर, आईबापांजवळ. त्याला आपल्या हातानं पोहायला शिकवायचं, एवढी एकच गोष्ट हर्डीकरांना आयुष्याकडून अजून हवी होती. ते स्वतः मिरजेजवळच्या एका विहिरीत शिकले होते. काकांनी त्यांच्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधला, काठावरून ढकललं आणि काका जेवायला गेले. या शिक्षणपद्धतीत सुधारणेला वाव आहे असं हर्डीकरांना तेव्हाच, साधारण पाण्याखाली असताना, वाटलं होतं. म्हणून हा पूल. कमरेएवढं पाणी, अर्णवच्या पोटाखाली आजोबांचा तळहात, आणि मग एके दिवशी त्याला कळायच्या आत हळूच काढून घेतलेला तळहात.

पूल भरला त्या दिवशी त्यांनी ऋचाला फोटो पाठवला. निळं पाणी, निळ्या टाइल्स. तिचा लगेच फोन आला.

"बाबा, याला कुंपण कुठंय?"

"कंपाउंडला आहे की."

"कंपाउंडला नाही हो, पूलला. घर आणि पूल यांच्या मध्ये. आधी कुंपण, मग अर्णव."

ऋचा एका बँकेत रिस्क मॅनेजर होती. काय काय वाईट होऊ शकतं याची कल्पना करण्याचा तिला पगार मिळायचा, आणि ती कामचुकार नव्हती. अर्णव दर शनिवारी आनेकलला यायचा, ते बंद झालं. नातवानं जास्त यावं म्हणून खणलेल्या खड्ड्यानं सगळ्यात आधी नातवाचंच येणं थांबवलं.

"पोरगी चुकीचं बोलत नाहीये," नयनाताई म्हणाल्या. "लेकरू पाण्यात पडायला किती वेळ लागतो?"

"मी कुठं चूक म्हणतोय? मी म्हणतोय, नियम पाठव."

नियम आले. नियम शहाणे होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुंपण निदान चार फूट उंच असावं. गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी. पाय ठेवायला आडवी पट्टी नको. फाटक पूलच्या उलट्या दिशेला उघडणारं, सोडलं की आपोआप मिटणारं, मिटलं की आपोआप अडकणारं. कडी पोराच्या हाताला लागणार नाही अशी, साडेचार फुटांवर. कुंपणाच्या आसपास चढता येईल असं काही नको. एवढंच पाळलं असतं तर गोष्ट इथं संपली असती आणि अर्णव सुखानं नाकातोंडात पाणी घेत बसला असता.

पण हर्डीकर सरकारी कारखान्यातले. तिथं नियम नुसता पाळणं म्हणजे अंग चोरणं. तिथं फॅक्टर ऑफ सेफ्टी दोन धरायची पद्धत होती. नियमात जे असेल त्याच्या दुप्पट करायचं. त्यांच्या विभागातली खुर्ची हत्ती बसला तरी मोडणार नाही अशी असायची, आणि म्हणून ती सरकवायला चौघे लागायचे. हर्डीकरांनी त्या सवयीनं ड्रॉइंग काढलं. चार फुटांचे आठ फूट झाले. चार इंचांच्या फटीचे दोन इंच. आणि साडेचार फुटांवरची कडी नऊ फुटांवर गेली.

ड्रॉइंग घेऊन ते पीण्या इंडस्ट्रियल एरियात कल्लाप्पाकडे गेले. कल्लाप्पा फॅब्रिकेटर, मूळचा चिक्कोडीकडचा. मराठी आणि कन्नड त्याच्या तोंडात एकत्र कुटुंबासारख्या राहायच्या.

"अण्णा, कुंपण आठ फूट, कडी नऊ फूट," तो म्हणाला. "कडी हवेत लावायची काय?"

"फाटकाचे खांब वर काढ ना एक फूट."

"काढतो की. आत काय ठेवणार? चित्ता?"

"पाणी."

"पाणी एवढी उडी मारतंय?"

"चेष्टा नको, कल्लाप्पा. माझा नातू यायचाय."

कल्लाप्पानं ड्रॉइंग पुन्हा एकदा नीट बघितलं. "नातू किती फुटी आहे, अण्णा?"

"बारीक आहे रे. चार वर्षांचा."

"सरी, सरी, बरं तर. तुमचं डिझाइन, आमचं वेल्डिंग."

कुंपण उभं राहिलं. कडीला हात लागायला पायऱ्यांचं स्टूल लागायचं, पण हर्डीकरांना त्याचा अभिमानच वाटला. त्या उत्साहात त्यांनी 'हर्डीकर कुटुंब सुरक्षा समिती' स्थापन केली. अध्यक्ष ऋचा. सदस्य उरलेले सगळे, अर्णव सोडून. नियमावली हर्डीकरांनी स्वतः लिहिली. त्यात एक कलम त्यांच्या फार आवडीचं होतं. सगळे सदस्य दिवाणखान्यात समक्ष हजर असल्याशिवाय आणि सगळ्यांनी हात वर केल्याशिवाय कुठलाही निर्णय होणार नाही. कारखान्यात याच कलमानं एक कँटीन अकरा वर्षं बांधायचं राहिलं होतं.

ऋचा तपासणीला आली. बरोबर जितेंद्र होता. अर्णवला तिनं जयनगरला तिच्या आईजवळ ठेवलं होतं.

"जितू, चढ," ती म्हणाली.

"मी?"

"तू अर्णव आहेस असं समज."

"ऋचा, अगं, मी ब्याऐंशी किलोचा आहे."

"ते आम्ही रिपोर्टमधून वजा करू. चढ."

जितेंद्र आज्ञाधारक होता. आई आणि बायको यांच्या मध्ये इतकी वर्षं उभं राहून त्याला कुठंही चढायची सवय झाली होती. त्यानं एक पाय तुळशीवृंदावनाच्या पायरीवर ठेवला, दुसरा वृंदावनावर, मग शेवग्याची फांदी धरली, आणि फांदीसकट आत जाऊन पडला.

"फेल," ऋचा म्हणाली.

"मला लागलंय!"

"तेच म्हणतेय मी. फेल."

शेवगा गेला. तुळस गच्चीवर गेली. नयनाताई कुंडी उचलता उचलता म्हणाल्या, "दरवर्षी लग्न लावत होतो बिचारीचं. आता बदलीपण झाली." स्टूलसुद्धा चढण्याजोगं निघालं, म्हणून ते जिन्याखालच्या कपाटात गेलं आणि कपाटाची किल्ली ऋचाच्या पर्समध्ये. याचा अर्थ, पूल आता इतका सुरक्षित झाला होता की त्याच्या मालकालाही त्यात उतरता येत नव्हतं. हर्डीकर रोज सकाळी गजांना नाक लावून पाणी बघायचे.

मार्चमध्ये तेही गेलं. लेआउटमधल्या बोअरवेल आटल्या, टँकर येईनात, आणि असोसिएशननं सगळ्यांना पूल रिकामे करायला लावले. हर्डीकरांचं पाणी पंपानं उपसून चार घरांच्या संडासांत वाटून टाकलं. हर्डीकर पंप बंद होईपर्यंत गज धरून उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की झालं ते फारच चांगलं झालं. त्यांनी फोन लावला.

"ऋचा, पाणीच नाही आता. कोरडा ठणठणीत आहे. पाठव त्याला."

"बाबा, भरलेल्या पूलमध्ये पडलं तर खाली निदान पाणी असतं. आता टाइल्स आहेत."

हर्डीकरांनी यावर विचार केला. वाईट याचं वाटलं की ती बरोबर होती.

एप्रिलमध्ये शाळेला सुट्ट्या लागल्या आणि ऋचाची आई पुण्याला निघून गेली. अर्णवला सांभाळायला जयनगरला कुणी उरलं नाही. ऋचानं समिती बोलावली. सगळे दिवाणखान्यात बसले.

"आम्ही तिघंही इथं राहायला येतोय," ती म्हणाली. हर्डीकर उठून उभे राहिले. "बसा, बाबा. एक नियम उरलाय. कुंपण कितीही चांगलं असलं तरी त्याच्या भरवशावर राहायचं नसतं. पोर जागं आहे तोवर एका मोठ्या माणसानं पूलवर सतत लक्ष ठेवायचं. हातभर अंतरावरून."

"अगदी बरोबर आहे."

"आई स्वयंपाकघरात असणार. आम्ही दोघं कॉलवर."

"मी आहे की!" हर्डीकर म्हणाले. "मला काय काम आहे? मी बसतो."

"आत बसायचंय."

"आत तर आत. आणि अर्णव?"

"बाबा," ऋचा समजुतीच्या सुरात म्हणाली, "अर्णव बाहेर. आत पूल आहे ना."

हर्डीकरांनी जितेंद्रकडे बघितलं. जितेंद्रनं पंख्याकडे बघितलं. मग हर्डीकरांनी हात वर केला. सगळ्यांच्या आधी त्यांचाच हात वर झाला, कारण नाही म्हटलं असतं तर अर्णव पुण्याला गेला असता.

अर्णव आला तेव्हा आजोबा आत होते. त्यानं गाडीतून उतरून पळत येऊन गज धरले. आजोबांनी आतून धरले.

"आजोबा, तू आत का आहेस?"

"तुझ्यासाठी, राजा."

"तू काय केलंस?"

"काही नाही रे."

"मग सॉरी म्हण ना."

मागच्याच आठवड्यात त्याला बन्नेरघट्ट्याच्या प्राणिसंग्रहालयात नेलं होतं, त्यामुळे पुढं काय करायचं हे त्याला माहीत होतं. "आई, आजोबांना बिस्कीट देऊ?"

"दे. हात आत घालायचा नाही."

"चावतात?"

"घालायचा नाही म्हटलं ना."

दोन इंचांच्या फटीतून पार्ले-जी जायचं. मारी अडकायचं. हर्डीकरांनी पहिल्या दिवशी अकरा पार्ले-जी खाल्ली, कारण प्रत्येक बिस्किटाला नातवाची दोन बोटं लागत होती.

दिनक्रम बसला. अर्णव उठायच्या आत ऋचा कपाटातून स्टूल काढायची, नऊ फुटांवरची कडी उघडायची, आणि बाबा आत जायचे. फाटक आपोआप मिटायचं. रात्री अर्णव झोपला की त्यांना बाहेर काढायचे. मग ते त्याच्या खोलीत जाऊन त्याच्या पलंगाशी उभे राहायचे. एकदा त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढं केला.

"बाबा, उठेल तो," ऋचा दारातून कुजबुजली. "उठला तर तुम्हाला परत आत जावं लागेल."

त्यांनी हात मागं घेतला. ऋचा वाईट नव्हती. बाबांना ऊन लागू नये म्हणून तिनं मोठी टोपी आणली होती. दुपारी गजांतून नळी घालून त्यांना ताक पाजायची व्यवस्था तिनंच शोधून काढली होती.

पण हर्डीकरांनी मनातून हार मानली नव्हती. एका सकाळी ते कुंपणाला लागून टाइल्सवर पालथे पडले. पलीकडे लॉनवर अर्णव पालथा पडला.

"हात असे पुढं. आता बाहेरून गोल. पाय बेडकासारखे. हं! पाणी ढकल मागं."

"पाणी कुठंय?"

"आहे असं समज. तोंड वर, श्वास घे. शाब्बास!"

अर्धा तास आजोबा आणि नातू, मध्ये गज, कोरड्या जमिनीवर पोहत होते. अर्णव खदाखदा हसत होता. हर्डीकरांचं कोपर सोललं होतं. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. वरच्या खिडकीतून ऋचानं बघितलं आणि ती कॉल म्यूट करून खाली आली.

"बाबा, या अर्ध्या तासात पूलकडे कोण बघत होतं?"

हर्डीकर उठून बसले.

"कोणी नाही ना? मग तुम्ही आत कशासाठी आहात?"

"पण ऋचा, तो इथंच होता. माझ्या समोर."

"प्रत्येक अपघातात मूल समोरच असतं, बाबा."

त्या संध्याकाळी तिनं कल्लाप्पाला बोलावलं. बाबांना जमिनीवर बसून त्रास होतो, म्हणून एक लोखंडी खुर्ची. खुर्ची चढण्याजोगी असते, म्हणून कुंपणापासून लांब, पूलच्या काठाला, बोल्टनं जमिनीत पक्की. तोंड पूलकडे, पाठ लॉनकडे. कल्लाप्पानं शेवटचा बोल्ट आवळला आणि हर्डीकरांकडे बघितलं.

"अण्णा, आत्ता कळलं आत काय ठेवायचं होतं. आधी सांगितलं असतं तर स्वल्प सावली पण केली असती."

"मान वळवायची नाही," ऋचानं समजावून सांगितलं. "परत तसं झालं तर अर्णवला मी पुण्याला पाठवीन. मला आवडणार नाही ते. पण पाठवीन."

मे महिन्यात तिनं अर्णवला जयनगरजवळच्या एका क्लबात पोहायला घातलं. तिथं कोचकडे सर्टिफिकेट होतं. पूलला कुंपण नव्हतं. तीन आठवड्यांत तो कुणाच्या हाताशिवाय पोहायला लागला. ही बातमी हर्डीकरांना पाठीमागून कळली, कारण आता त्यांना सगळंच पाठीमागून कळायचं. नयनाताई गजांशी येऊन म्हणाल्या, "अहो, पोरगा पोहला म्हणे."

"कुणी हात धरला होता पोटाखाली?"

"कोच होता ना."

"आणि काढून कधी घेतला?"

"आता ते मला काय माहीत?"

बराच वेळ हर्डीकरांनी टाइल्स मोजल्यासारखं केलं. मग ते म्हणाले, "ऋचाला सांग. त्याला पोहता येतं. आता मला बाहेर काढायला हरकत नाही."

नयनाताई निरोप घेऊन गेल्या आणि उत्तर घेऊन आल्या. "ती म्हणते, ज्यांना थोडंसं पोहता येतं तीच पोरं जास्त बुडतात. धीट होतात ना. तुम्हाला आता जास्त लक्ष द्यावं लागेल म्हणाली."

"पण पाणी नाहीये, नयना!"

"मी म्हटलं तसं. ती म्हणाली, म्हणजे तर पोहता येऊनसुद्धा उपयोग नाही."

त्याच संध्याकाळी अर्णव लॉनवर पालथा पडून नवीन शिकलेले हात करून दाखवत होता. "आजोबा, बघ! बघ ना! आजोबा!"

वरची खिडकी उघडी होती. हर्डीकरांनी खुर्चीचे दांडे धरले आणि समोरच्या कोरड्या खड्ड्याकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "शाब्बास! फार छान!"

"तू बघत नाहीयेस."

"बघतोय की रे."

"खोटारडा," अर्णव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोनदा हाक मारली. तिसऱ्या दिवशी एकदा. नंतर तो घराच्या पुढच्या बाजूला खेळायला लागला, तिथं शेजारच्यांचं कुत्रं होतं आणि ते हाक मारली की वळून बघायचं. बिस्किटंही तिकडं गेली. जूनमध्ये ऋचानं जयनगरची जागा सोडली आणि अर्णवला आनेकलच्या शाळेत घातलं. एवढं सुरक्षित घर अख्ख्या बेंगळुरूत नाही, असं ती ऑफिसात अभिमानानं सांगते. अर्णव आता कायमचा आजोबांकडे राहतो.

हर्डीकरांनी समितीकडे अर्ज केला आहे. समितीची बैठक रविवारी सकाळी दिवाणखान्यात भरते, तेव्हा अर्णव जागा असतो, म्हणून हर्डीकर ड्यूटीवर असतात, म्हणून सगळे सदस्य हजर नसतात, म्हणून बैठक तहकूब होते. रात्री अर्णव झोपल्यावर घ्या म्हणावं, तर रात्री ऋचाचे अमेरिकेचे कॉल असतात. कलम बदला म्हणावं, तर त्यालाही सगळ्यांनी समक्ष हजर राहून हात वर करावे लागतात. दर रविवारी जितेंद्र अर्ज वाचून दाखवतो आणि घडी करून परत ठेवतो. अर्ज असा:

"मा. अध्यक्षा, हर्डीकर कुटुंब सुरक्षा समिती, यांस. विषय: खुर्ची फिरवून मिळण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची खुर्ची तिच्या चारही बोल्टांसह लॉनच्या दिशेने पाव वळसा फिरवून मिळावी, जेणेकरून अर्जदारास उजव्या डोळ्याने तलावावर व डाव्या डोळ्याने नातवावर लक्ष ठेवता येईल. ही सवलत पूर्ण वेळ देणे शक्य नसल्यास, कु. अर्णव 'आजोबा, बघ' असे म्हणेल तेव्हा व तेवढ्यापुरतीच देण्यात यावी. त्याने तसे म्हणणे सध्या बंद केले असल्याने या सवलतीचा समितीवर कोणताही अतिरिक्त भार पडणार नाही, ही बाब कृपया सहानुभूतीपूर्वक विचारात घेण्यात यावी, ही नम्र विनंती."